ही जमा कुणाची?

बँकेच्या उताऱ्यावर एक ओळ होती. ऑगस्ट महिना, ८५,००० रुपये जमा, पुढे बारा आकडी क्रमांक आणि मध्येच तुटलेलं एक नाव. उतारा होता मसाल्याचं कांडप चालवणाऱ्या एका काकूंचा. आयकर खात्याची विचारणा आली तोवर त्या ओळीला दोन वर्षं होऊन गेली होती. "काकू, हे पैसे कुणाचे?" मी विचारलं. विक्रीचेच असतील, असं त्या आधी म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "ऑगस्टात एवढा मसाला कोण नेणार?" चार दिवसांनी त्यांच्या मुलीला आठवलं. तिच्या बाळंतपणात दवाखान्याचं बिल भरायला जावयांनी पाठवलेली ती रक्कम होती. दुकानाच्या खात्यात आली, कारण काकूंच्या फोनला तेवढं एकच खातं जोडलेलं होतं.

ते चार दिवस काकूंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. रक्कम आली त्याच आठवड्यात कुणी त्या ओळीसमोर 'जावई, दवाखाना' एवढं लिहून ठेवलं असतं, तर उत्तर पाच मिनिटांत तयार झालं असतं.

छोट्या दुकानांच्या वह्या मी बरीच वर्षं लिहिते आहे आणि एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. कराची तयारी म्हणजे कागद गोळा करणं, असं बहुतेकांना वाटतं. कागदांचं तितकं अवघड नसतं. हरवलेलं बिल व्यापारी पुन्हा काढून देतो, उतारा बँक देते, भरलेल्या कराचं चलन संकेतस्थळावर सापडतं. पण तो व्यवहार नेमका कशाचा होता, ही आठवण एकदा पुसली गेली की तिची नक्कल कुठेच मिळत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच असतं, की आठवण ताजी आहे तोवर ती लिहून काढा. पुढे जे सांगते आहे ते सगळं याच एका कामाचे भाग आहेत. उदाहरण काकूंच्याच धंद्याचं घेते, कारण त्यात छोट्या व्यवसायातल्या बहुतेक अडचणी एकत्र भेटतात.

सुरुवात बिलांच्या ढिगापासून करू नका, बँकेच्या उताऱ्यापासून करा. १ एप्रिल ते ३१ मार्च असा पूर्ण वर्षाचा उतारा काढा. धंद्याचे पैसे ज्या ज्या खात्यात येतात त्या प्रत्येकाचा, बचत खात्याचासुद्धा. तो कागदावर छापा, शेजारी मोकळा समास राहील अशा बेताने. मग पेन्सिल घेऊन प्रत्येक जमेसमोर आणि प्रत्येक खर्चासमोर दोन-तीन शब्द लिहीत जा: मिरची खरेदी, हॉटेलची वसुली, मुलाची फी, आईची औषधं, भिशीचे पैसे, हातउसने परत. काही ओळी अडतील. त्यांना गोल करा आणि पुढे चला. घरातल्या माणसांना विचारल्यावर त्यातल्या बऱ्याच सुटतात. उरलेल्यांसाठी त्या तारखेच्या आसपासचे फोनवरचे निरोप आणि फोटो पाहा, त्यांतून पुष्कळ उलगडतं. वर्षाचं काम एकदम काढलं तर दोन-तीन बैठका लागतात. दर रविवारी केलं तर अर्धा तास पुरतो.

यूपीआयमुळे हे काम जास्त गरजेचं झालं आहे. पूर्वी गल्ल्यात आलेली शंभराची नोट फक्त दुकानदाराला माहीत असायची. आता चहाच्या दहा रुपयांचीही नोंद राहते, पण ते पैसे चहाचे होते की भावाने पाठवलेले, हे ती नोंद सांगत नाही. जुलै २०२५मध्ये कर्नाटकात नेमकं हेच घडलं. तिथल्या राज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून बेकरीवाले, चहावाले, भाजीवाले अशा लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. आलेल्या रकमांत घरचे, नातेवाइकांचे पैसे मिसळले आहेत, असं कित्येकांचं म्हणणं होतं. दूध-भाजीसारखा करमुक्त माल विकणाऱ्यांनाही नोटिसा मिळाल्या. पुढे सरकारने नरमाईची भूमिका घेतली, पण ज्यांच्याकडे कुठली रक्कम कशाची हे लिहिलेलं नव्हतं त्यांच्या मधल्या दिवसांचा विचार करून बघा.

म्हणून धंद्याचं खातं वेगळं हवं. चालू खातंच पाहिजे असं नाही, निदान क्यूआर कोड एका खात्याला जोडलेला आणि घरखर्च दुसऱ्या खात्यातून, एवढं आज संध्याकाळी करता येतं. घरासाठी पैसे लागले की दुकानाच्या खात्यातून ठरावीक रक्कम घरच्या खात्यात वळवा आणि ती 'उचल' म्हणून लिहा. किराण्याचं, शाळेचं, लग्नातल्या आहेराचं एकेक बिल दुकानाच्या खात्यातून गेलं, की वर्षाअखेरी पाचशे ओळी चाळून घरचं आणि धंद्याचं निवडत बसावं लागतं.

क्यूआरच्या पैशांबाबत आणखी एक बारीक गोष्ट. काही कंपन्या दिवसभराची रक्कम रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एकत्र जमा करतात, क्वचित आपलं शुल्क कापून. ऑनलाइन बाजारपेठेवर मसाला विकत असाल तर कमिशन कापून उरलेले पैसे हातात पडतात. तुमची विक्री म्हणजे ग्राहकाने दिलेली पूर्ण रक्कम, कमिशन हा खर्च. खात्यात पडलेला आकडाच विक्री म्हणून लिहिला, तर कंपनीने सरकारला कळवलेला आकडा आणि तुमचा आकडा यांचा मेळ बसत नाही.

आता रोकड. रोजमेळ लिहिणारी दुकानं कमी होत चालली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा अजून होते. १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष धरावं लागतं. त्याआधी दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवणारे व्यापारी पुष्कळ होते, आणि त्या वहीत रोजची रोकड रोज लिहिलेली असे. रोजमेळाचा नियम साधा आहे. सकाळची शिल्लक, दिवसभरात आलेली रोकड, गेलेली रोकड, रात्रीची शिल्लक. रात्री गल्ला मोजायचा आणि वहीशी ताडायचा. पन्नास-शंभरचा फरक पडला तर तो फरक म्हणूनच लिहा, आकडा ओढूनताणून जुळवू नका.

याचा खरा उपयोग वर्षाअखेरी कळतो. समजा, कुणी मार्चमध्ये बसून आठवणीवरून वर्षाचा रोजमेळ लिहिला आणि १२ नोव्हेंबरला शिल्लक उणे चार हजार निघाली. गल्ल्यात नोटा नसताना नोटा देता येत नाहीत. म्हणजे कुठली तरी जमा लिहायची राहिली, किंवा तो खर्च त्या दिवशी झालाच नाही, किंवा खिशातून दिलेले पैसे दुकानाचे म्हणून लिहिले गेले. तपासणारा अधिकारी आधी हीच जागा शोधतो.

रोख देण्याघेण्यावर कायद्याच्या मर्यादा आहेत, त्या छोट्या धंद्यालाही लागतात. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिले, तर तो खर्च म्हणून मान्य होत नाही. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० आहे. त्याच दिवशी दोन पावत्या करून रक्कम तोडली तरी उपयोग नाही, कारण मोजतात दिवसाची बेरीज. शेतमाल थेट शेतकऱ्याकडून घेतला तर मात्र सूट आहे. काकूंनी शेतकऱ्याच्या घरून चाळीस हजारांची मिरची रोखीने घेतली तर चालतं. तीच मिरची व्यापाऱ्याकडून घेतली तर पैसे बँकेतूनच द्यायला हवेत. सूट मिळवायची तर तो शेतकरी होता हे दाखवता आलं पाहिजे. खरेदीच्या पावतीवर त्याचं नाव, गाव, वजन, भाव आणि सही त्याच वेळी घ्या. वर्षभराने तो माणूस सापडायचा नाही. घेण्याच्या बाजूला, एका दिवसात एका माणसाकडून, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायची नाही. तितकाच दंड होऊ शकतो. हातउसने किंवा कर्ज २०,००० पासून पुढे रोखीने घेऊ नये आणि फेडूही नये.

३१ मार्चची संध्याकाळ माझ्या मते वर्षातली सगळ्यात मोलाची. त्या रात्री दुकानात नेमकं काय होतं, हे पुन्हा कधीच मोजता येत नाही. मसाल्याच्या धंद्यात तर ही तारीख ऐन हंगामात येते. पोती भरून मिरची, धणे, खोबरं पडलेलं असतं आणि कांडपाला रांग लागलेली असते. पण त्याच रात्री वजनं करायची. कच्चा माल, कुटून झालेला पण पॅक न केलेला, तयार पाकिटं, रिकामी पाकिटं आणि लेबलं, अशा चार रकान्यांत. माल पडला त्या किमतीला धरायचा. बाजारात त्याची किंमत त्याहून खाली गेली असेल, मिरचीला कीड लागली असेल किंवा रंग उतरला असेल, तर जी कमी किंमत येईल ती. आणि एक चूक मी दरवर्षी कुठे ना कुठे पाहते. गिऱ्हाइकांनी कुटायला आणून टाकलेल्या मिरचीच्या पिशव्याही मोजल्या जातात. तो माल तुमचा नाही, तुमची फक्त मजुरी. त्या पिशव्या बाजूला काढा. मोजणीचा कागद कुणी मोजलं त्याच्या सहीसह ठेवा, फोनवर दोन फोटोही काढा. त्याच कागदाच्या तळाशी गल्ल्यातली रोकड, कुणाकडून किती येणं आणि कुणाचं किती देणं लिहून टाका.

"आम्ही अंदाजित नफा दाखवतो, आम्हाला वह्या कशाला?" हे मला सतत ऐकावं लागतं. सीएंच्या बोलण्यात '४४ एडी' म्हणून येणारी ही योजना छोट्या धंद्याला खरंच सोयीची आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल, किंवा रोखीची आवक ५ टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटींपर्यंत, तर रोख विक्रीवर किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं. ३० लाखांच्या विक्रीत २२ लाख यूपीआयने आणि ८ लाख रोखीने आले, तर १,३२,००० आणि ६४,००० मिळून १,९६,००० रुपये. पण हा हिशेब करायलाही एकूण विक्री किती आणि त्यात रोख किती, हे ठाम माहीत हवं. दलाली किंवा कमिशनचा धंदा या योजनेत बसत नाही. शिवाय 'सुगम' नावाच्या विवरणपत्रात येणं, देणं, शिल्लक माल आणि रोकड हे आकडे विचारतात. ३१ मार्चच्या रात्रीचा तो कागद इथेच लागतो. आणि खरा नफा ठरलेल्या टक्क्यांहून जास्त असेल तर तोच दाखवायचा असतो. ठरलेले टक्के म्हणजे कमीत कमी, हे पुष्कळांना कुणी सांगितलेलंच नसतं.

जीएसटी नोंदणीच्या मर्यादेबाबत काकूंच्या धंद्यासारख्यांनी विशेष जपावं. महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांची मर्यादा सगळ्यांना तोंडपाठ असते, पण ती फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. सेवा देणाऱ्यांसाठी ती २० लाख आहे. दुसऱ्याची मिरची कुटून देणं ही सेवा आणि आपला मसाला विकणं ही मालाची विक्री. दोन्ही करत असाल तर ४० लाखांच्या भरवशावर राहू नका, सल्लागाराला आजच विचारा. त्यासाठी वहीत मजुरी आणि विक्री पहिल्या दिवसापासून वेगळ्या रकान्यांत हव्यात.

नोंदणी असेल तर खरेदीची बिलं आणि दर महिन्याच्या १४ तारखेला संकेतस्थळावर तयार होणारं २बी पत्रक समोरासमोर ठेवा. पुरवठादाराने तुमचं बिल दाखवलेलं नसेल, किंवा तुमच्या जीएसटी क्रमांकातला एखादा आकडा चुकवला असेल, तर त्या बिलावरच्या कराची वजावट तुम्हाला मिळत नाही. महिन्याभरात फोन केला तर तो दुरुस्त करून देतो, वर्षाने केला तर टोलवाटोलवी करतो. आधीच्या वर्षाच्या बिलांची वजावट घ्यायला साधारण ३० नोव्हेंबरपर्यंतच वाव असतो. मार्चच्या बिलांसाठी तेवढ्यात धावपळ करावी लागते, म्हणून एप्रिलमध्येच बसा. आपली बिलं फाडताना १ एप्रिलपासून नवी मालिका घ्या आणि एकही क्रमांक गाळू नका. रद्द झालेलं बिल फाडून फेकू नका, 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवा.

उधारीवर माल घेणाऱ्यांसाठी एक नियम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर करार नसल्यास १५ दिवसांत आणि लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ती मुदत उलटून ३१ मार्चला रक्कम थकलेली राहिली, तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. पाकिटं छापणारा छापखाना उद्यम नोंदणी असलेला असेल तर हा नियम लागेल. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याच्या बिलाला लागत नाही. म्हणून पुरवठादारांकडून उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या आणि बिलावर माल पोचल्याची तारीख लिहा. नियम तुमच्या बाजूनेही चालतो. तुम्ही स्वतः माल बनवत असाल आणि उद्यम नोंदणी केली असेल, तर तुमचा नोंदणी क्रमांक बिलावर छापा. वसुलीला त्याची मदत होते.

यंत्र घेतलं असेल तर बिल धंद्याच्या किंवा मालकाच्या नावावर हवं, भावाच्या किंवा मुलाच्या नावावर नको. वापर कधी सुरू झाला ती तारीखही लिहा. घेतलेल्या वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. कांडपयंत्र सप्टेंबरात बसलं की नोव्हेंबरात, याने फरक पडतो. यंत्राच्या कर्जाच्या हप्त्यात खर्च फक्त व्याजाचा, मुद्दल हा खर्च नाही. बँकेकडून व्याजाचा दाखला एप्रिलमध्ये मागून घ्या.

कामाला बायका असतील तर हजेरीची वही, दर महिन्याच्या पगारावर सही आणि दिलेली उचल वेगळी. २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही. मालकाचा स्वतःचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनच्या आत. ही रक्कम लहान म्हणून विसरली जाते आणि मागाहून व्याजासकट भरावी लागते.

मे महिन्यात कागद तयार असले तरी विवरणपत्र भरायची घाई करू नका. ज्यांनी तुमच्या बिलातून टीडीएस कापला त्यांनी शेवटच्या तिमाहीचा तपशील ३१ मेपर्यंत द्यायचा असतो आणि प्रमाणपत्र १५ जूनपर्यंत. त्यानंतर आयकराच्या संकेतस्थळावर २६ एएस हा कापलेल्या कराचा उतारा आणि वार्षिक माहिती विवरण उघडा आणि आपल्या वहीशी एकेक ओळ ताडा. मुदत ठेवीचं व्याज, मोठ्या रोख भरण्याच्या नोंदी, खरेदी-विक्री, सगळं तिथे येतं. चुकीची नोंद असेल तर तिथेच आपलं म्हणणं नोंदवता येतं. एखाद्या कार्यालयाने मसाला पुरवठ्याच्या बिलातून कर कापला आणि तुमच्या पॅनवर दाखवलाच नाही, तर त्यांच्या मागे लागायची वेळ हीच. विवरणपत्राची शेवटची तारीख दरवर्षी पाहून घ्यावी. २०२५मध्ये ३१ जुलैची तारीख पुढे सरकत १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. पण अंदाजित नफ्याच्या योजनेतला आगाऊ कर १५ मार्चपर्यंतच भरायचा असतो, तो विवरणपत्राच्या तारखेवर ढकलता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि 'कर वर्ष' असा एकच शब्द आला आहे. सीएंकडे जाताना जुने क्रमांक पाठ करून जायची गरज नाही. समासात शब्द लिहिलेला उतारा, ३१ मार्चचा कागद आणि गोल केलेल्या, न सुटलेल्या ओळींची यादी घेऊन जा. त्या ओळी लपवू नका, सीएंना आधी त्याच दाखवा.

काम झालं की सगळं एका फाइलीत बांधून वर्ष लिहा आणि निदान आठ वर्षं जपा. आयकराचे आणि जीएसटीचे कागद सांभाळण्याची मुदत वेगवेगळ्या तारखांपासून मोजतात, आठ वर्षांत दोन्ही बसतात. पेट्रोल पंपावरच्या, वजनकाट्यावरच्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या काही महिन्यांत कोऱ्या होतात, त्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून जोडा. काकूंनी आता फाइल घरच्या कपाटात ठेवली आहे. आधी ती कांडपाच्या खोलीत असायची, आणि तिखटाच्या तेलाने पहिल्या काही पानांवरचे आकडे वाचता येत नव्हते.